धोतर, फुटबॉल आणि कोंबडी

शीर्षक वाचून हसू नका. या तिन्हींचा एकमेकांशी खरोखर संबंध आहे, आणि तो इंग्लंडमधल्या एका गावातून जातो. गावाचं नाव ब्लॅकबर्न, परगणा लँकेशायर, लोकसंख्या आजही सव्वा लाखाच्या आसपास.

इतिहासाच्या तासाला लँकेशायरच्या गिरण्या मी किती वेळा शिकवल्या याला गणती नाही. इंग्रजांनी आपला कापूस नेला, तिकडे कापड विणलं, परत आणून आपल्यालाच विकलं... हे आपण सगळेच शिकलो. पण ते कापड नेमकं कुठल्या गावात विणलं जात होतं आणि त्या गावातली माणसं शनिवारी दुपारी काय करत होती, हे पाठ्यपुस्तकात नसतं. ब्लॅकबर्न हे विणकरांचं गाव. तिथल्या मागांवर फार मोठ्या प्रमाणात विणलं जाई ते हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतर. तिकडचे व्यापारी त्याला 'धूती' म्हणत. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तिची धग पोचायची ती अशाच गावांना.

आणि शनिवारी दुपारी ही माणसं फुटबॉल बघत.

अलीकडे नातवाच्या नादाने मीही टीव्हीवर सामने बघतो. त्याला गोलमध्ये रस, मला पैशात. अमुक खेळाडू इतक्या कोटी पौंडांना विकला, तमुक क्लब बुडाला, असं तो सांगतो, आणि मला प्रश्न पडतो : एवढा पैसा येतो तर क्लब बुडतात कसे? त्याचं उत्तर शोधता शोधता मी ब्लॅकबर्नला जाऊन पोचलो. (पुस्तकातून आणि संगणकावरून हो! या वयात आणखी कुठून?)

'ब्लॅकबर्न रोव्हर्स' हा क्लब १८७५ साली स्थापन झाला. स्थापन करणारे सुखवस्तू घरातले, चांगल्या शाळांतून शिकलेले तरुण. तेव्हा फुटबॉल हा सभ्य गृहस्थांचा हौशी खेळ होता आणि त्यासाठी पैसे घेणं म्हणजे कमीपणा. पण गिरणी कामगाराला शनिवारी अर्धा दिवस सुटी मिळू लागली, मैदानाभोवती गर्दी जमू लागली, गर्दीकडून तिकिटाचे पैसे येऊ लागले. मग चांगले खेळाडू हवेत. ते स्कॉटलंडमध्ये होते. फर्गस सूटर नावाचा ग्लासगोचा पाथरवट असाच शेजारच्या डार्वेन गावात खेळायला आला. तिथे त्याने पाथरवटाचं काम लवकरच सोडलं, म्हणे इंग्लंडचा दगड फार कठीण! सगळ्यांना कळायचं ते कळलं. १८८० साली तो डार्वेन सोडून ब्लॅकबर्नला आला आणि डार्वेनकर संतापले. पुढे १८८४, ८५ आणि ८६ अशी सलग तीन वर्षं ब्लॅकबर्नने एफए कप जिंकला.

पाकिटातले हे पैसे किती दिवस लपणार? १८८४ मध्ये प्रेस्टनच्या क्लबचा सर्वेसर्वा विल्यम सडेल याने, आम्ही खेळाडूंना पैसे देतो, असं उघड कबूल केलं. प्रेस्टनला स्पर्धेतून काढलं. तेव्हा उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडायची धमकी दिली आणि जुलै १८८५ मध्ये लंडनच्या फुटबॉल असोसिएशनला धंदेवाईक खेळ मान्य करावा लागला.

आता खरी पंचाईत सुरू झाली. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण सामने मात्र अनिश्चित. कपमधून पहिल्याच फेरीत बाहेर पडलं की पुढे काय? मैत्रीचे सामने ठरायचे आणि ऐनवेळी मोडायचे. यावर तोडगा काढला बर्मिंगहॅममधल्या एका कापड दुकानदाराने. विल्यम मॅकग्रेगर त्याचं नाव, ॲस्टन व्हिला क्लबचा तो कार्यकर्ता. २ मार्च १८८८ रोजी त्याने काही क्लबांना पत्र लिहिलं, की आपण ठरावीक क्लबांनी एकमेकांच्या गावी जाऊन वर्षाचे सामने आधीच ठरवून टाकू. १७ एप्रिलला मँचेस्टरच्या एका हॉटेलात 'फुटबॉल लीग' जन्माला आली. १२ क्लब होते : सहा लँकेशायरचे, सहा मध्य इंग्लंडचे. लंडनचा एकही नाही. लिव्हरपूल शहरातून एव्हर्टन, आणि आपलं ब्लॅकबर्न अर्थातच होतं.

लीग म्हणजे काय हे समजायला मला कोल्हापूरच्या कुस्तीच्या फडाचा उपयोग झाला. फडात जोड लागते. पैलवान कितीही मोठा असो, समोर तोडीचा गडी नसेल तर तिकीट कोण काढणार? दुकानदाराचं तसं नसतं, शेजारचं दुकान बंद पडलं तर त्याची चांदीच. पण फुटबॉल क्लबाचा शेजारी बुडाला तर याच्या शनिवारी सुटी! म्हणून लीगमध्ये एकमेकांना हरवायचं, पण एकमेकांना मरू द्यायचं नाही, असा विचित्र संसार करावा लागतो.

तो संसार चालवायला त्यांनी नियम केले. पाहुण्या संघाला यजमानाने ठरावीक रक्कम द्यायची, सुरुवातीला १२ पौंड. पहिल्या महायुद्धानंतर तिकिटाच्या उत्पन्नातला पाचवा हिस्सा पाहुण्यांना मिळू लागला. क्लब या कंपन्या होत्या, पण भागधारकाला लाभांश मिळायचा तो जास्तीत जास्त पाच टक्के, आणि संचालकांना पगार नाही. म्हणजे श्रीमंत व्हायचं असेल तर दुसरा धंदा बघा!

या वाटणीचा भार मात्र खेळाडूंच्या पाठीवर होता, हे विसरून चालणार नाही. १९०१ मध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा आली : आठवड्याला चार पौंड. कुशल कामगाराच्या मानाने तेव्हा ती बरी होती, पण साठ वर्षांनीही मर्यादा होती २० पौंडच. शिवाय करार संपला तरी क्लबाने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. भर मैदानात पन्नास हजार लोक ज्याच्या नावाने ओरडतात तो माणूस बसने घरी जायचा. अखेर जिमी हिल या खेळाडूच्या नेतृत्वाखाली त्यांच्या संघटनेने संपाची तयारी केली आणि जानेवारी १९६१ मध्ये मर्यादा उठली. फुलहॅमच्या जॉनी हेन्सला लगेच आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. योग्यच झालं. ज्याच्या घामावर खेळ चालतो त्याला बांधून ठेवून केलेली समता ही समता नव्हे.

पण त्या जुन्या व्यवस्थेचा एक परिणाम नोंदवायला हवा. १९६० साली इंग्लंडचा विजेता होता बर्नली, ब्लॅकबर्नच्या शेजारचं त्याहूनही लहान गाव. त्याच वर्षी ब्लॅकबर्न एफए कपच्या अंतिम सामन्यात होतं. दोन्ही गावांच्या गिरण्या तोवर एकापाठोपाठ बंद पडत आल्या होत्या. (मध्ये १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेला गेले होते तेव्हा ते डार्वेनला मुद्दाम जाऊन गिरणी कामगारांना भेटले, तो हसऱ्या कामगार बायकांमधला फोटो तुम्ही पाहिला असेल. आपल्या बहिष्काराने ज्यांची चूल थंडावली, तीच ही माणसं.) गिरण्या गेल्या तरी गावचा क्लब देशातल्या मोठ्या शहरांशी टक्कर देत होता. गाव श्रीमंत होतं म्हणून हे जमलं नाही, वाटणी होती म्हणून जमलं.

मग ही वाटणी एकेक करून संपली. १९८३ हे साल लक्षात ठेवण्याजोगं. त्या वर्षी ठरलं की, तिकिटाचं सगळं उत्पन्न यजमानाने ठेवायचं. त्याच वर्षी टॉटनहॅम क्लबाची वरची कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आली, आणि लाभांशाच्या जुन्या नियमाला बगल कशी द्यायची ते सगळ्यांना कळलं. दूरदर्शनचे पैसे तोपर्यंत चारही विभागांतल्या ९२ क्लबांत सारखे वाटले जात. १९८५-८६ मध्ये मोठ्या क्लबांनी वेगळं होण्याची धमकी दिली आणि पहिल्या विभागाने निम्मा वाटा घेतला. शेवटी १९९२ मध्ये पहिल्या विभागातले सगळे क्लब जुन्या लीगमधून बाहेर पडले आणि त्यांची 'प्रीमियर लीग' झाली. स्काय वाहिनी आणि बीबीसी यांच्याशी पाच वर्षांचा करार झाला, ३० कोटी ४० लाख पौंडांचा. गंमत बघा, त्यातला निम्मा भाग त्यांनी आपसात सारखा वाटून घेतला. वाटणीचं महत्त्व त्यांना पुरेपूर ठाऊक होतं, फक्त पंगत आता लहान केली होती.

त्या पंगतीत पहिल्या वर्षी २२ पानं होती. १८८८ च्या बारांपैकी तिथे फक्त तिघे : ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न.

ब्लॅकबर्न तिथे कसं पोचलं? एका माणसाच्या खिशातून. जॅक वॉकर हा गावचाच मुलगा. भावाबरोबर त्याने पोलादाचा व्यवसाय उभा केला आणि तो विकून अफाट पैसा मिळवला. १९९१ मध्ये त्याने लहानपणापासूनचा आपला आवडता क्लब ताब्यात घेतला. नामांकित प्रशिक्षक केनी डालग्लिश आणला, ॲलन शिअररसाठी तेव्हाच्या विक्रमी किमती मोजल्या, इवूड पार्कचं मैदान नव्याने बांधलं. तिथे आता सुमारे ३१ हजार लोक बसतात, म्हणजे गावातला दर चौथा माणूस! आणि १४ मे १९९५ रोजी ब्लॅकबर्न एका गुणाने मँचेस्टर युनायटेडच्या पुढे राहून इंग्लंडचा विजेता ठरला. शेवटच्या सामन्यात हरूनही! ही गोष्ट नातवाला सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो.

पण इतिहासाच्या मास्तराने काटा आल्यावरही पुढचं पान उलटायचं असतं. पूर्वी बर्नली जिंकलं ते व्यवस्थेच्या आधारावर, ब्लॅकबर्न जिंकलं ते दानशूराच्या आधारावर. दानशूर हा अमर नसतो. चार वर्षांत, १९९९ मध्ये, क्लब खालच्या विभागात गेला. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारले. पुढच्याच वर्षी क्लब पुन्हा वर आला खरा, पण वॉकर यांच्या मागे राहिलेला विश्वस्त निधी किती दिवस पदरमोड करणार? गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं.

आणि इथे कोंबडी येते. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला तो आपल्या पुण्याच्या व्यंकीज समूहाने! कुक्कुटपालनातलं हे मोठं नाव. एकेकाळी ज्या गावाने आपल्याला धोतरं विकली, त्या गावचा सर्वांत जिव्हाळ्याचा ठेवा पुण्याच्या पोल्ट्रीवाल्यांनी घेतला. काळाचं चाक असं पूर्ण फिरलेलं फार क्वचित दिसतं. ऑक्टोबर २०११ मध्ये हा संघ बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी खेळूनही गेला. आपल्याला केवढं कौतुक!

तिकडे मात्र कौतुक नव्हतं. जुना प्रशिक्षक महिन्याभरात काढला गेला, संघ घसरत गेला. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी क्लबाच्या निशाणात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्याच संध्याकाळी प्रीमियर लीगमधलं त्यांचं स्थान गेलं. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर उतरला. प्रीमियर लीगचा माजी विजेता इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी एक पायरी वर आला.

मालकांनी पैसा घातला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. वर्षानुवर्षं तोटा भरून काढायला पुण्याहून कोट्यवधी पौंड गेले. २०२३ मध्ये तर असे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती. विचार करा, लँकेशायरमधल्या खेळाडूचा पगार दिल्लीच्या न्यायालयाच्या तारखेवर! मला त्या मालकांवर टीका करायची नाही. मला प्रश्न पडतो तो व्यवस्थेचा. एवढे पैसे घालूनही तोटा संपत का नाही?

हिशोब सोपा आहे. वरच्या पंगतीतलं जेवण इतकं पंचपक्वान्नाचं, की खालच्या विभागातला प्रत्येक जण तिथे पोचण्यासाठी कर्ज काढून खेळतो. २०१० नंतरच्या दशकात दुसऱ्या विभागातल्या क्लबांचे नुसते पगारच कित्येक वर्षं एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होते. वरून घसरून आलेल्याला काही वर्षं मोठं अनुदान मिळतं, त्याच्याशी बरोबरी करायला बाकीचे आणखी कर्ज काढतात. दर वर्षी वर जाणार तिघे, बाकीच्यांच्या पदरी वाढलेलं कर्ज. भिशीत निदान प्रत्येकाचा नंबर कधीतरी लागतो!

आणि दानशूर मिळाला नाही तर काय होतं, ते बरी या गावाने पाहिलं. मँचेस्टरच्या उंबऱ्यावरचं हे गाव. १९०३ साली बरीने एफए कपचा अंतिम सामना ६-० असा जिंकला, तो विक्रम ११६ वर्षं टिकला. मे २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने तेवढाच, ६-० असा विजय मिळवून त्याची बरोबरी केली. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०१८ मध्ये, बरी क्लब कर्जासकट एका पौंडाला विकला गेला होता. २७ ऑगस्ट २०१९ रोजी, पैसे कुठून आणणार हे सांगता न आल्यामुळे, १२५ वर्षं सदस्य असलेल्या बरीला लीगमधून काढून टाकण्यात आलं. विक्रमाची बरोबरी मेमध्ये, हकालपट्टी ऑगस्टमध्ये. हे दोन्ही क्लब एकाच महानगरातले.

आपल्याकडेही हे नवं नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता होता, २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. एका खिशावर चाललेली गोष्ट त्या खिशाच्या मर्जीने थांबते.

मला सर्वांत नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. व्यंकीज समूहाचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांचं आपल्या देशातलं मोठं काम कोणतं? १९८२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. अंड्याच्या भावासाठी एकेकट्या शेतकऱ्याने व्यापाऱ्यापुढे मान तुकवू नये, एकमेकांचे स्पर्धक असलेल्या उत्पादकांनी एकत्र बसून भाव जाहीर करावा, हा त्यामागचा विचार. म्हणजे मॅकग्रेगरने १८८८ मध्ये क्लबांना जे सांगितलं, साधारण तेच! कापड दुकानदाराला आणि कोंबडीवाल्याला एकच शहाणपण सुचलं होतं. पण राव यांच्या वारसांनी इंग्लंडमध्ये क्लब घेतला तोवर तिकडे ते शहाणपण मोडीत निघालं होतं.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या १२ धनाढ्य क्लबांनी स्वतःची वेगळी सुपर लीग जाहीर केली. पुन्हा बाराच! त्यात इंग्लंडचे सहा होते आणि त्या सहांपैकी १८८८ च्या यादीतला एकही नव्हता. या वेळी त्यांच्याच चाहत्यांनी रस्त्यावर येऊन विरोध केला आणि दोन-तीन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब माघारी आले. त्यातून चौकशी झाली, श्वेतपत्रिका निघाली आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा झाला. आता एक स्वतंत्र नियामक क्लबांना परवाना देणार, मालकांची पात्रता तपासणार, आणि वरची व खालची लीग यांचं पैशावरून जमलंच नाही तर वाटणीचा निवाडाही करणार. जे १२ जणांनी एका हॉटेलात बसून आपखुशीने ठरवलं होतं, त्यासाठी आता कायदा करावा लागला.

हा कायदा चालेल का? माझ्या पिढीने सहकारी साखर कारखाने उभे राहताना पाहिले आणि काही बुडतानाही पाहिले, त्यामुळे नुसत्या कायद्यावर माझा फार भरवसा नाही. पण एक गोष्ट मला त्या जुन्या नोंदींतून स्पष्ट दिसते. पहिल्या वर्षी, १८८८-८९ मध्ये, लीग जिंकली ती सडेलच्या प्रेस्टनने, एकही सामना न हरता. सहा वर्षांनी, १८९५ मध्ये, ज्या गिरणीत तो व्यवस्थापक होता त्या गिरणीच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल सडेलला तुरुंगवास झाला. ऐपतीबाहेर खेळण्याचा रोग लीगइतकाच जुना आहे. मॅकग्रेगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर औषध म्हणून फार काही मोठं केलं नव्हतं. पाहुण्यांना १२ पौंड, एवढंच. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च निघावा आणि पुढच्या शनिवारी समोर उभं राहायला ते जिवंत असावेत, यासाठी.

असो. लेख लांबला. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही गोल सोडून सगळं बघता. बघतो खरा. तुमच्यापैकी कुणी इंग्लंडात राहत असाल आणि कधी ब्लॅकबर्नला जाणं झालंच, तर इवूड पार्कवर एक सामना जरूर बघा आणि तिथल्या म्हाताऱ्यांना पुण्याबद्दल काय वाटतं ते मला कळवा. आपण पुण्याचे आहोत हे मात्र जरा बेतानेच सांगा!